नोकरी लागेपर्यंत

नेसरीहून माझे वडील, आप्पा, मला कोल्हापूरला अक्काकडे पोचवायला आले, तेव्हा मी किती दिवस राहणार हे कुणीच ठरवलं नव्हतं. त्यांनी माझी ट्रंक माडीवर नेऊन ठेवली, गावाकडच्या तांदळाची पिशवी दाजींच्या हातात दिली आणि म्हणाले, "नोकरी लागेपर्यंत राहील तुमच्याकडं." दाजींनी मान हलवली. अक्कानं चहा टाकला. मी नुकताच एमेस्सीला प्रवेश घेतला होता आणि आप्पांचे ते शब्द मला फार गोड वाटले होते. माझ्या नोकरीची गोष्ट आमच्या घरात पहिल्यांदाच कुणीतरी इतक्या सहज बोललं होतं, जणू ती यायचीच आहे, फक्त एसटीला जरा उशीर झालाय.

अक्का माझ्यापेक्षा बरीच मोठी. बारावीची परीक्षा झाल्या झाल्या तिचं लग्न झालं आणि ती गंगावेशीकडच्या त्या गल्लीत आली. दाजींचा मिरची कांडपाचा धंदा होता. खाली डंक आणि वर घर. डंक म्हणजे लोखंडी मुसळांची रांग. पट्ट्यावर मोटर फिरली की एकेक मुसळ वर जाऊन उखळात आदळायचं. तो आवाज कानाला ऐकू यायच्या आधी तळपायाला कळायचा. फळीवरची भांडी किणकिणत राहायची, देव्हाऱ्यातली समई हलायची आणि माझ्या टेबलावरची पेन्सिल हळूहळू कडेला जाऊन खाली पडायची. उन्हाळ्यात तर दिवसभर बायकांची रांग. कुणाची ब्याडगी, कुणाची संकेश्वरी, सोबत धणे, तीळ, खोबरं, सोललेला लसूण. वर्षाची चटणी एकदम करून न्यायची, म्हणून त्या पाय पसरून बसायच्या, भांडायच्या, शिंकायच्या. त्या घरात शिंकेला कुणी मान वर करून बघत नसे. माझ्या पुस्तकांना, उशीला, केसांना तोच वास. विद्यापीठाच्या बसमध्ये माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण रुमाल नाकाला लावायची आणि मग ओशाळून हसायची.

घरात दाजींची आई होती, तिला आम्ही सगळे अव्वा म्हणायचो. ती अर्धं कानडी, अर्धं मराठी बोलायची आणि तिला स्वतःला त्यातला फरक जाणवत नसावा. सोमवारी ती हुग्गी करायची, म्हणजे खपली गव्हाची खीर, गूळ आणि वेलदोडा घालून. एरवी ज्वारीच्या भाकरी, पुंडीची म्हणजे अंबाडीची भाजी, शेंगदाण्याची चटणी आणि दही. खायला मला कधी कुणी कमी केलं नाही. उलट माझ्या ताटात दही आधी पडायचं, कारण मला अभ्यास करायचा असे. सकाळी मोरीत पहिला नंबर माझा, कारण मला बस गाठायची असे. माझ्या अभ्यासासाठी दाजी परीक्षेच्या दिवसांत डंक तासभर बंद ठेवायचे आणि खाली ताटकळणाऱ्या बायकांना सांगायचे, "वर आमची मेव्हणी शिकायला लागलीया, थांबा जरा." सगळं घर माझ्या नोकरीच्या दिशेनं तोंड करून बसलं होतं. त्या वयात मला ते प्रेम वाटायचं. ते प्रेमच होतं. पण त्याचं ओझं किती आहे, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

विद्यापीठ टेकडीवर. मोर हिंडायचे, आणि आमच्या प्रयोगशाळेच्या खिडकीतून लांबवर उसाचे मळे दिसायचे. कँटीनमध्ये बसून आमच्या वर्गातली मुलं आपापली भविष्यं सांगायची. मुलांना वाटा पुष्कळ होत्या: औषध कंपनीची बॅग आणि मोटरसायकल, स्पर्धा परीक्षा, नाहीतर एमआयडीसी. आम्हा मुलींना एकच: कॉलेजात लेक्चरर. कंपन्या मुलींना घेत नाहीत, शिफ्ट असते, असं आम्हाला शिकवणाऱ्या सरांनी एकदा वर्गात सांगितलं आणि आम्ही तेही इतर गोष्टींसारखंच उतरवून घेतल्यागत डोक्यात ठेवून दिलं. पहिला वर्ग मिळाला की लेक्चररशिप मिळते, हे आमच्या आधीच्या मुलींनी सांगितलेलं. त्यांना त्यांच्या आधीच्या मुलींनी. ती मिळालेली मुलगी प्रत्यक्ष कुणी पाहिली होती का, हे आम्ही कधी विचारलं नाही. मला पहिला वर्ग मिळाला. अव्वानं गल्लीत पेढे वाटले.

आणि मग काहीच झालं नाही. एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला मिळालं. जूनमध्ये बोलावायचे, मार्चमध्ये "पुढच्या वर्षी बघू" म्हणायचे. मधल्या उन्हाळ्यात मी खाली डंकावर बसून धणे निवडायची. मुलाखतींची बोलावणी मात्र यायची. कधी चंदगडला, कधी पन्हाळ्याकडे, कधी सीमेपलीकडे. मी इस्त्रीची साडी नेसून, बसमधून डुचमळत तिथं पोचायची, बाकावर बसायची, उत्तरं द्यायची आणि परत यायची. कोडोलीकडच्या एका मुलीनं मला बाकावरच समजावून सांगितलं की, ज्याला घ्यायचं तो आधीच ठरलेला असतो, पण मुलाखतीला ठरावीक उमेदवार दाखवावे लागतात म्हणून आपल्याला बोलावतात. "आपण कोरम हाय," ती म्हणाली आणि डब्यातली पोळी मला दिली. मी घरी जाऊन हे कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दाजींनी डंक कशासाठी बंद ठेवला, हा प्रश्न आला असता.

आता मुलं माझ्याकडे येतात, कुणाच्या तरी ओळखीनं, सल्ला मागायला. त्यांचे चेहरे बघितले की मला माझी त्या वर्षांतली संध्याकाळ आठवते. पाव्हणे यायचे. अव्वा ओळख करून द्यायची, "आमच्या महादेवीची तंगी. शिकून झालंय. अजून लागायचं हाय." तंगी म्हणजे धाकटी बहीण. पाव्हणे माझ्याकडे बघून "लागंल की" म्हणायचे. मी आत जाऊन कपबशा काढायची. शिक्षण संपलं होतं आणि पुढचं काही सुरू होत नव्हतं, आणि त्या दोन्हींच्या मधे त्या माडीवरची ती खोली होती. नेसरीला परत जावं तर आप्पांना गावात तोंड दाखवणं अवघड, कारण त्यांनी मी "कॉलेजात आहे" असं सांगितलेलं. इथं राहावं तर माझ्या बरोबरीच्या मुलींची मुलं शाळेत जायला लागलेली.

अशातच एक दिवस दाजी दुपारीच वर आले, हातपाय धुतले आणि म्हणाले, एका संस्थेच्या कॉलेजात रसायनशास्त्राची पक्की जागा आहे, अध्यक्ष आपल्यातलेच आहेत आणि त्यांच्या घरची चटणी कैक वर्षं आपल्याकडेच कांडली जाते. मुलाखत म्हणजे नुसता उपचार. माझ्या अंगातून एकदम काहीतरी सुटल्यासारखं झालं. इतके दिवस मी दुसऱ्यासाठी कोरम होते. या खेपेला दुसरं कुणीतरी माझ्यासाठी असणार होतं. त्याबद्दल वाईट वाटायला हवं होतं, पण मला फक्त झोप आली, पोटभर, कितीतरी दिवसांनी. अक्कानं सकाळी मला स्वतःची इरकल काढून दिली. मुलाखतीला एवढी जड साडी कशाला, असं मी म्हटलं, तर ती माझ्या निऱ्या नीट करत खाली बसली आणि वर न बघता म्हणाली, "नेस की. मी सांगतो म्हणून नेस." आमच्याकडच्या बायका 'मी सांगतो, मी येतो' असंच बोलतात. विद्यापीठात गेल्यापासून मी ते सोडलं होतं, अक्कानं कधी सोडलं नाही. ती माझ्याबरोबर आली, दाजींच्या टेम्पोत. सोबत म्हणून, असं मला वाटलं.

अध्यक्षांच्या खोलीत मोठं टेबल होतं. अध्यक्ष, प्राचार्य आणि विद्यापीठानं पाठवलेले विषयतज्ज्ञ, एक पिकल्या केसांचे शांत सर. त्यांनी मला फळ्यावर एक अभिक्रिया लिहून समजवायला सांगितली. मी लिहिली. त्यांनी मधेच अडवून एक आडवा प्रश्न विचारला आणि मी त्याचंही उत्तर दिलं. त्यांचा चेहरा उजळला. मला आठवतं, कितीतरी दिवसांनी कुणीतरी माझ्याशी रसायनशास्त्राबद्दल बोलत होतं आणि मी खडू हातात घेऊन अगदी रंगून गेले होते. तेवढ्यात अध्यक्ष म्हणाले, "झालं न्हवं सर तुमचं?" सरांनी मान हलवली. दार उघडलं आणि चहाचा ट्रे घेऊन एक बाई आत आल्या. जाड पाटल्या, काठापदराचं लुगडं. त्या अध्यक्षांच्या पत्नी होत्या. त्यांच्या मागं अक्का आली, जिला मी टेम्पोत बसलेली समजत होते. आणि तिच्या मागं पांढऱ्या शर्टातला एक तरुण माणूस, जो दाराजवळच्या खुर्चीच्या कडेवर बसला.

बाईंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि जरा भिंतीपाशी उभी राहा, उंची बघू दे, असं म्हणाल्या. मी उभी राहिले. माझ्या हातात खडू होता आणि मागच्या फळ्यावर माझी अभिक्रिया. त्यांनी विचारलं की भाकरी थापता येते का, घरात कानडी बोलता का, डोळ्यांना चष्मा कधीपासून लागला. उत्तरं अक्का देत होती. प्राचार्य खिडकीबाहेर बघत होते आणि पिकल्या केसांचे सर चहाच्या कपात. मग बाईंनी मला कुंकू लावलं आणि पदर पुढं करायला सांगितला. त्या पदरात त्यांनी तांदूळ, खण आणि नारळ घातला. माझा पदर मीच दोन हातांनी धरून उभी होते. माझ्या हातांना सवय होती, ते आपोआप पुढं झाले होते.

मला जे सुचलं ते मी सरांना विचारलं. "सर, माझी निवड झाली का?"

सरांनी अध्यक्षांकडे बघितलं. अध्यक्ष मनापासून हसले. "निवड झाली म्हणूनच ओटी भरल्या की," ते म्हणाले. दाराजवळ बसलेला तो त्यांचा पुतण्या. संस्थेच्याच ऑफिसात आहे. मुलगी घरात आली की जागाही घरात राहील, दोन्ही कामं झाली.

"आणि मुलगा पसंत नाही म्हटलं तर?" मी विचारलं.

अध्यक्ष रागावले नाहीत, हेच मला पुढं पुष्कळ दिवस टोचत राहिलं. त्यांनी लहान मुलीला समजवावं तसं सांगितलं, "मग जागा कशी देणार, बाई? घरचं माणूस म्हणून देतोय न्हवं."

त्या पांढऱ्या शर्टातल्या माणसाकडे मी तेव्हा एकदाच बघितलं. तो आपल्या बुटांकडे बघत होता. आज मला वाटतं, त्यालाही कुणी विचारलं नसावं, आणि त्यालाही ऑफिसातली ती खुर्ची कुणीतरी अशीच घरचं माणूस म्हणून दिली असावी. त्याचं नाव मला नंतर कळलं आणि आता आठवत नाही.

परतीच्या वाटेवर टेम्पोत पुढं आम्ही तिघं. दाजी गाडी चालवत होते, पलीकडं अक्का, मधे मी, आणि माझ्या मांडीवर नारळ. दाजी इतके खुशीत होते की वाटेत थांबून त्यांनी भजी आणली. कारखान्याच्या फाट्यावर उसाच्या ट्रॅक्टरांनी रस्ता अडवला आणि गाडी बंद करावी लागली. त्या शांततेत मी म्हटलं की, मी हे करणार नाही. दाजींनी भज्यांचा कागद दुमडला आणि काचेसमोर ठेवला. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. फक्त एवढंच म्हणाले की, नोकरी लागावी म्हणून आम्ही काय करायचं ठेवलं ते सांग. आणि खरंच, त्यांनी काहीच करायचं ठेवलं नव्हतं.

मी अक्काकडे वळले. "तुला ठाऊक होतं. मला विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर न्हाय म्हणाली असतीस."

"म्हणून विचारलं नाहीस?"

"व्हय," ती म्हणाली. ती समोरच्या ट्रॅक्टरकडे बघत होती. "मला कुणी विचारलं होतं?"

दुसऱ्या दिवशी दाजी एकटेच जाऊन नारळ आणि खण परत देऊन आले. त्या घरची चटणी त्यानंतर आमच्या डंकावर आली नाही, आणि त्यांच्या नात्यातल्या इतर घरांचीही. दाजींनी मला त्याबद्दल कधी एक शब्द ऐकवला नाही. माझ्या ताटात दही पहिल्यासारखंच आधी पडत राहिलं आणि ते दही गिळणं मला जमेना. अव्वा पाव्हण्यांसमोर माझी ओळख करून द्यायची बंद झाली. पेन्सिल टेबलावरून खाली पडायची आणि मी ती उचलायची नाही. संध्याकाळी रंकाळ्यावर जायचं, तेही सोडलं, कारण वाटेत कुणीतरी भेटून "काय, लागलं का?" विचारायचं.

मग आप्पा आले. दाजींनीच बोलावून घेतलं होतं. ते माडीवर माझ्या खोलीत येऊन ट्रंकेवर बसले. मला घेऊन जायला आलेत असं मी समजून चालले होते आणि खरं तर मला तेच हवं होतं, कुणीतरी उचलून न्यावं. आप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि विचारलं, "तुला पायजे तरी काय?"

"नोकरी," मी म्हटलं.

"ते झालं. काम कसलं करणार?"

इतकी वर्षं मी नोकरी मागत होते. तिच्यात दिवसभर हातानं काय करायचं, हे मी कधी मनाशी बोलले नव्हते. फळ्यासमोर उभं राहायला मला आवडायचं का? फारसं नाही. त्या अध्यक्षांच्या खोलीतही मी रंगले होते ती शिकवण्यात नव्हे, अभिक्रियेत. मला आवडायची प्रयोगशाळा. ब्युरेटमधून थेंब सोडायचा, डोळा रेषेला आणायचा आणि रंग पालटायच्या क्षणी हात आवरायचा. हे मी आप्पांना कसंबसं सांगितलं. त्यांना त्यातलं कितपत समजलं कुणास ठाऊक. ते म्हणाले, "मग तसलं काम कुठं असतंय, ते तूच जाऊन बघ," आणि जेवून दुपारच्या गाडीनं गेले. मला न नेता.

दुसऱ्या दिवसापासून मी एमआयडीसीत जाऊ लागले. शिफ्टमुळे मुलींना घेत नाहीत हे मी पाठ केलेलं वाक्य तिथं बऱ्याच फाटकांवर तसंच्या तसं ऐकायला मिळालं. कुणी ओळख विचारली, कुणी "मिस्टर काय करतात" विचारलं. लोखंड ओतायच्या एका कारखान्याच्या, फाउंड्रीच्या, मालकांनी मात्र आत बोलावलं. त्यांचा केमिस्ट पुण्याला निघून गेला होता आणि त्यांचं कास्टिंग, म्हणजे ओतलेला माल, गिऱ्हाइकाकडून परत येत होतं. त्यांनी माझ्या मार्कांबद्दल काहीच विचारलं नाही. लोखंडाचा कीस एका वाटीत समोर ठेवला आणि म्हणाले, "ह्यात कार्बन किती हाय, काढून दाखवा." मी लोखंड कधी तपासलं नव्हतं, माझा विषयच वेगळा. तसं मी सांगितलं आणि आधीच्या माणसाचं पुस्तक आणि आजचा दिवस मागितला. संध्याकाळ झाली, पण आकडा निघाला. विद्यापीठानं मला काय दिलं असं कुणी विचारलं तर मला तो दिवस आठवतो. ठाऊक नसलेलं काम पुस्तक उघडून, न घाबरता करायला घ्यायचं, एवढं तिथं माझ्या अंगी लागलं होतं. त्याला कुणी शिक्षण म्हणत नव्हतं, म्हणून मलाही ते दिसलं नव्हतं.

मालकांनी मला कामावर ठेवून घेतलं. त्यांची प्रयोगशाळा म्हणजे भट्टीला लागून एक पत्र्याची पेटीच होती. उन्हाळ्यात टेबलाला हात लावता येत नसे. बायकांसाठी सोय म्हणून काही नव्हतं. ती व्हायला बराच काळ जावा लागला आणि त्यासाठी मला पुष्कळदा तेच तेच बोलावं लागलं. पुरुष आधी माझ्याशी बोलत नसत, मालकांना सांगून मला निरोप देत. सुटका वगैरे झाल्यासारखं मला वाटलं नाही. मी अजून अक्काच्याच घरी राहत होते आणि नेसरीत आप्पा अजून "कॉलेजात आहे" असंच सांगत होते, कारण फाउंड्री म्हटलं की माणसं पुढं विचारत बसायची.

काही महिन्यांनी एका दुपारी अक्का डबा घेऊन आली. मी सकाळी विसरून आले होते. ती फाटकातून आत येताना मला खिडकीतून दिसली. पदर डोक्यावर, डबा छातीशी धरलेला, वाळूच्या ढिगांतून पाय उचलत. त्या टेम्पोतल्या दिवसानंतर आम्ही घरकामापलीकडं फारसं बोललो नव्हतो. ती आत आली, स्टुलावर बसली आणि खिडकीतून भट्टीकडे बघू लागली. तेवढ्यात तिथून गार केलेल्या लोखंडाचा नमुना आला. मी तो भोकं पाडून किसून घेतला, वजन केलं आणि नळीच्या भट्टीत सरकवला. बाहेर पोरं काम टाकून कमरेवर हात ठेवून उभी राहिली. वितळलेलं लोखंड भट्टीत तसंच, आणि सगळ्यांची तोंडं आमच्या खिडकीकडं.

"ती का थांबल्यात?" अक्कानं विचारलं.

मी काम करता करता सांगितलं की, कार्बन बरोबर आला का ते मी कळवल्याशिवाय ओतत नाहीत.

"तू सांगंपर्यंत?"

"हो."

"मुकादमबी?"

"तोही."

ती उठली आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. बाहेरच्या माणसांनी तिच्याकडे बघितलं, तिनं त्यांच्याकडे बघितलं. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला, पण मागं सरली नाही. कीस जळून निघालेला वायू माझ्या मोजनळीत चढत होता, थोड्याच वेळात मला आकडा वाचायचा होता. अक्कानं तोंड न वळवता हळूच म्हटलं, "जरा सावकाश कर की."